घरदुरुस्ती : उचलीचे अर्थकारण

दिवाळी उलटते, भिंतींतील ओल वाळते आणि महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांच्या गावांत घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. कोणाच्या न्हाणीघरातील पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उमटलेले असते. कोणाच्या दाराची चौकट वाळवीने पोखरलेली असते. कोणाच्या मुलाचे लग्न ठरलेले असते आणि त्याआधी एका खोलीच्या दोन खोल्या करणे भाग असते. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या पिढ्यांनी रूढ केली त्या पिढ्या जागा घेऊन, विटा आणि लाकूड जमवून घर उभे करीत. आजचा शिक्षक किंवा कारकून बहुधा बांधलेली सदनिका कर्ज काढून विकत घेतो. घर बांधण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात सहसा येत नाही. येते ती दुरुस्ती. म्हणीतील सारी धास्ती आता या दुरुस्तीत येऊन बसली आहे.

दुरुस्तीची हकीगत घरोघरी थोड्याफार फरकाने सारखीच असते. ओळखीच्या कोणीतरी एका लहान ठेकेदाराचे नाव सुचविलेले असते. तो येतो, फितीने मापे घेतो, वहीच्या पाठकोऱ्या पानावर चार आकडे मांडतो आणि काम उक्ते घेतो. निम्मी रक्कम उचल म्हणून त्याच्या हाती पडते. पहिले चार दिवस कामाचा झपाटा असा असतो की घरमालकाला आपल्या निवडीचा अभिमान वाटू लागतो. जुना ओटा फुटतो, फरशी उखडते, दारे निघतात. पाचव्या दिवशी गवंडी येत नाही. आठव्या दिवशी सुतार ‘दुसऱ्या साइटवर’ असल्याचे कळते. स्वयंपाक गॅलरीत होऊ लागतो, मुलांचा अभ्यास शेजाऱ्यांकडे. एका महिन्याचे काम चार महिने रेंगाळते आणि शेवटचा हप्ता कोणी कोणाला किती द्यावयाचा यावर तोंडे फिरतात.

यावर उभयपक्षी निकाल ठरलेला असतो. घरमालकाच्या मते ठेकेदार लबाड असतात. ठेकेदाराच्या मते घरमालक चिकट असतात. रोज नवे काम सांगतात आणि शेवटचे पैसे बुडवितात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु एकच भांडण इतक्या घरांत इतक्या नियमितपणे होत असेल, तर त्याचे कारण माणसांच्या स्वभावापेक्षा व्यवहाराच्या रचनेत शोधणे अधिक उचित ठरेल.

बलुते आणि उचल

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, पाभर, गाडीची दुरुस्ती तो वर्षभर करी आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा नेई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. तिची थोरवी गाण्याचे कारण नाही. जन्माने ठरलेला धंदा, जातीने ठरलेली पायरी आणि दुष्काळात रिकामे राहणारे हात हीही तिचीच अंगे होती. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या व्यवहारात काम आधी होई आणि मोबदला मागून मिळे. म्हणजे उधारी कारागीर देत असे. ती तो देऊ शके, कारण शेतकरी गाव सोडून जाणार नव्हता आणि सुतारही जाणार नव्हता.

शहरातील दुरुस्तीत हा क्रम उलटला आहे. येथे पैसा आधी जातो आणि काम मागून येते. उधारी आता घरमालक देतो, आणि तीही अशा माणसाला की ज्याचा फोन क्रमांक वगळता त्याच्याविषयी त्याला काहीच ठाऊक नसते. कारागीर तरी मालकाला कोठे ओळखतो? महाराष्ट्रातील शहरांत प्लायवुडचे काम करणाऱ्या सुतारांपैकी पुष्कळजण राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले असतात. दोन अनोळखी पक्षांत घडणाऱ्या व्यवहाराला ज्या लेखी आधाराची गरज असते, तो आधार मात्र निर्माण झालेला नाही. बलुत्यातील तोंडी व्यवहार तेवढा शिल्लक राहिला. त्याला धरून ठेवणारे गाव मागे पडले.

या उचलीचे पुढे काय होते, हे पाहिले म्हणजे रेंगाळणाऱ्या कामाचे कोडे उलगडते. समजा, एका ठेकेदाराने तीन लाखांचे काम उक्ते घेतले आणि दीड लाख उचलले. त्याच्या हाती आधीच्या एका घराचे काम अर्धवट आहे. तेथील पैसे संपलेले आहेत, पण कपाटे बसावयाची आहेत. साठ हजार तिकडे जातात. प्लायवुडच्या दुकानदाराची चाळीस हजारांची बाकी भागविल्याखेरीज तो नवा माल देत नाही. उरतात पन्नास हजार. तेवढ्यात नव्या घराची तोडफोड होते, रेती आणि सिमेंट येते आणि काम थांबते. ते पुन्हा केव्हा सुरू होईल? आणखी एखादे घर उचल देईल तेव्हा. म्हणजे चौथ्या घराच्या पैशाने तिसरे घर पुरे होते आणि पाचव्याच्या पैशाने चौथे.

या साखळीत ठेकेदाराने पैसा खाल्लाच असेल असे नाही. त्याच्यापाशी स्वतःचे खेळते भांडवल नाही, एवढेच ती सांगते. तारण नसल्याने बँक त्याला दारात उभी करीत नाही आणि सावकाराचे व्याज परवडत नाही. घरमालक हाच त्याचा सावकार असतो. फरक एवढाच की या सावकाराला आपण कर्ज दिले आहे याचा पत्ता नसतो. तो व्याज लावीत नाही, तारण मागत नाही, मुदतही लिहून घेत नाही. कर्जाची किंमत मग विलंबाच्या रूपाने त्याच्याकडून वसूल होते. नवी कामे मिळत आहेत तोवर साखळी चालते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कामे एका दिवसात थांबली, कारागीर गावी परतले आणि कित्येक घरे उखडलेल्या फरशीसह तशीच राहिली. त्या वेळी बुडालेली उचल ही कोणा एकाची फसवणूक नव्हती. जोखीम कोणाची, हे आधी ठरलेलेच नसल्याने ती ज्याच्या पदरी पडली त्याने सोसली.

स्वस्त ठरणारे महाग काम

दुसरी अडचण ज्ञानाची आहे. सनमायका चिकटविल्यानंतर आतले प्लायवुड कोणत्या प्रतीचे आहे, हे घरमालकाला दिसत नाही. भारतीय मानकांनुसार पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवुडसाठी आय. एस. ७१० आणि सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आय. एस. ३०३ असे वेगळे क्रमांक आहेत. तक्त्यावर तसा शिक्का असतो. पण तक्ता कापला, चिकटविला, खिळे ठोकले की शिक्का आत जातो. न्हाणीघराच्या फरशीखाली पाणी अडविणारा थर नीट दिला की नुसताच सिमेंटचा हात फिरविला, याचा उलगडा पुढच्या पावसाळ्यात होतो, आणि तोही खालच्या बिऱ्हाडात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अशा व्यवहाराचे विवेचन केले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्यांचा मुद्दा साधा आहे. मालाची प्रत विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सरसकट बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल देणाऱ्याला परवडत नाही. तो बाजारातून बाजूला होतो आणि निकृष्ट माल देणारा टिकतो. घरदुरुस्तीत हेच घडते. तीन ठेकेदारांकडून अंदाज मागविले जातात. ज्याने चांगले लाकूड, जाड बिजागऱ्या आणि पुरेसे दिवस धरलेले असतात त्याचा आकडा सर्वांत मोठा येतो आणि त्याला नकार मिळतो. ज्याने आकडा कमी सांगितला त्याला काम मिळते. मग तो तूट भरून काढतो: काही प्रमाणात तक्त्याच्या प्रतीत, काही ‘वाढीव कामा’त आणि काही दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनात. हे कमिशन मालाच्या किमतीतच मिसळलेले असते, म्हणून ते देणारा अखेर घरमालकच असतो. कुशल कारागिराच्या मेहनतीला उघड दाम द्यावयास तो तयार नसतो; तेच दाम तो आडमार्गाने आणि मालाची प्रत गमावून देतो.

कायद्याच्या जाळीतून

कायदा या व्यवहाराकडे पाहतो तरी कसा? सदनिका विकणाऱ्या बिल्डरसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीचा दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन त्यात आहे. महाराष्ट्रात त्याखालील नियमांना विक्रीकराराचा नमुनाही जोडलेला आहे. परंतु ज्या दुरुस्तीत किंवा नूतनीकरणात विक्री, जाहिरात अथवा नवे वाटप नाही, तिला याच कायद्याने नोंदणीतून वगळले आहे. हे वगळणे गैर नाही. मोरीच्या दुरुस्तीसाठी प्राधिकरणाकडे कोण जाणार? पण परिणाम असा की विकत घेताना ज्या घराला कायद्याचे संरक्षण आहे, त्याच घराला डागडुजीच्या वेळी ते राहत नाही.

कामगाराचीही तीच गत आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर नेण्यात आली. कल्याण मंडळाचा लाभार्थी होण्यासाठी वर्षातून नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे दाखवावे लागते. मोठ्या इमारतीवरील मजुराला हे तुलनेने सोपे आहे. आज या घरी चौकट आणि उद्या त्या घरी कपाट करीत फिरणाऱ्या सुताराने आपले नव्वद दिवस कोणत्या कागदाने सिद्ध करावेत? परांचीवरून पडून हात मोडला तर त्याचा खर्च कोणी द्यावयाचा, हेही बहुतेक घरांत ठरलेले नसते.

दाद मागण्याची जागा मात्र अगदीच नाही असे नव्हे. ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश १९९३ साली करण्यात आला आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. वकीलही अनिवार्य नाही. तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे वैध असू शकतो. परंतु आयोगापुढे पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. काय ठरले होते? कोणता माल? किती दिवसांत? किती पैसे दिले? पाठकोऱ्या कागदावरचे चार आकडे यांपैकी एकाचेही उत्तर देत नाहीत. आणि ज्याचा शेवटचा हप्ता बुडाला त्या ठेकेदाराला तर हा आयोगही खुला नाही, कारण तो ग्राहक नाही. दिवाणी न्यायालयात तीस हजारांसाठी तो वर्षानुवर्षे खेटे घालीत नाही. पुढच्या घराच्या अंदाजात ते तीस हजार मिळवतो.

कागद म्हणजे कर नव्हे

मग लिहून का ठेवले जात नाही? याचे एक कारण संकोचाचे आहे. ओळखीने आलेल्या माणसापुढे कागद ठेवणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे मानले जाते. दुसरे कारण कराचे आहे, आणि ते गैरसमजावर उभे आहे. ‘पक्के बिल घेतले तर अठरा टक्के वाढतील’ हे वाक्य दोन्ही पक्षांच्या तोंडी असते. वस्तुतः सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांपेक्षा अधिक नसेल, तर सर्वसाधारणपणे त्याला वस्तू व सेवा करासाठी नोंदणी करावी लागत नाही. आणि नोंदणी नसलेल्याला हा कर आकारताही येत नाही. दोन-चार कारागिरांना घेऊन वर्षाकाठी मोजकी घरे करणाऱ्या पुष्कळ ठेकेदारांना ही सवलत लागू पडण्याजोगी आहे. त्यांनी केलेला लेखी करार आणि दिलेली साधी पावती यांमुळे घरमालकावर एक पैशाचाही कर चढत नाही. कर वाचविण्याच्या समजुतीने जो कागद टाळला जातो, त्यावर कर नव्हताच. वाचला तो कर नव्हे. गेला तो पुरावा.

ज्याची उलाढाल या मर्यादेपलीकडे आहे त्याने कर भरलाच पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको. कर चुकविण्यासाठी रोखीने दिलेले पैसे पुढे न्यायासाठी मागता येत नाहीत, हा हिशेब सरकारी नोकराने तरी विसरू नये.

टप्प्याटप्प्याने

यावर नवा कायदा हे उत्तर नव्हे. लहान ठेकेदारावर परवान्याचे ओझे लादले तर परवाना देणारा एक नवा हिस्सेदार तेवढा वाढेल. उपाय व्यवहाराच्या रचनेतच आहे आणि शासन स्वतःच्या कामांत तो पूर्वापार योजीत आले आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, त्या मापाप्रमाणे देयक निघते आणि दोष निघाल्यास हाताशी असावी म्हणून काही रक्कम अनामत राहते. खात्याच्या कारभाराविषयी कोणाचे काहीही मत असो, ही रीत शहाणपणाची आहे. तीन लाखांच्या घरकामाला दोनशे पानी वही मोजमाप पुस्तिकेचे काम देऊ शकते.

टप्प्यांनी पैसे देण्याचा मोठा अनुभवही महाराष्ट्रापाशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. जी गावे समूळ उद्ध्वस्त झाली त्यांचे पुनर्वसन झाले. पण कमी नुकसान झालेल्या असंख्य गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटी करावयाची होती. ते काम घरमालकांनीच करून घ्यावे आणि मदत कामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्यांनी द्यावी, असे धोरण तेथे अवलंबिण्यात आले. शेतकरी कुटुंबांनी गवंड्यांकडून टप्प्याटप्प्याने काम करून घेतले. खेड्यातील दगड-मातीच्या घराला जे जमले ते शहरातील सदनिकेला जमू नये, असे कारण नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की, सामान घरमालकाने थेट दुकानातून घ्यावे आणि पैसे दुकानदाराला द्यावेत. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, झालेल्या कामाप्रमाणे चुकती करावी. मग मोठ्या उचलीची गरजच उरत नाही आणि भांडवल नसलेल्या ठेकेदाराचेही अडत नाही. मात्र यात त्याचे दुकानातील कमिशन जाते. ते त्याला उघड मेहनतान्याच्या रूपाने दिलेच पाहिजे. देखरेखीला, मापाला, चार कारागिरांना वेळेवर आणून उभे करण्याला मोल आहे, हे घरमालकाने मान्य केल्याशिवाय ही रीत टिकणार नाही. वाढीव काम सांगताना त्याचा दर त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करावी. शेवटी थोडी रक्कम, समजा शेकडा पाच, एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. पण ती केव्हा द्यावयाची तो दिवसही लिहून द्यावा आणि त्या दिवशी ती द्यावी. राखलेली रक्कम बुडविणारा घरमालक आणि उचल घेऊन पसार होणारा ठेकेदार यांत नीतीच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही.

एक मर्यादा मात्र करारानेही ओलांडता येत नाही. भिंत पाडून खोली मोठी करण्याची हौस वाढत आहे. कोणती भिंत नुसता आडोसा आहे आणि कोणत्या खांबावर किंवा तुळईवर वरच्या मजल्यांचा भार आहे, हे ठरविणे सुताराचे काम नव्हे आणि घरमालकाचेही नव्हे. तेथे अभियंत्याचा सल्ला आणि आवश्यक ती परवानगी याला पर्याय नाही. शेजाऱ्यांचा जीव उक्त्या कामात बसत नाही.

शासनाने करावयाची गोष्टही लहान आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार आणि गवंडी यांचा समावेश आहे. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षण आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज अशी तिची मांडणी आहे. कारागिराच्या हाती रंधा आणि भांडवल देणाऱ्या योजनेने त्याच्या हाती एक कागदही द्यावा: मालाची प्रत, माप, दर, मुदत, हप्ते, अपघाताची जबाबदारी आणि राखीव रक्कम एवढ्या सात ओळींचा मराठी नमुना करार. कोट्यवधींची सदनिका घेणाऱ्यासाठी कराराचा नमुना तयार होऊ शकतो, तर मोरी दुरुस्त करणाऱ्यासाठीही होऊ शकतो. नगरपालिकांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी तो फुकट वाटावा.

कारागीर लिहिण्या-वाचण्याला बिचकतो, हा आक्षेप टिकणारा नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्या एका सुताचा फरक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला माप आणि दर लिहिलेला कागद परका वाटण्याचे कारण नाही. अडचण आहे ती सुशिक्षित घरमालकाची. शाळेच्या दप्तरात खडूच्या पेटीची नोंद ठेवणारा शिक्षक आणि कार्यालयात पाच रुपयांच्या खर्चाला तीन सह्या मागणारा कारकून, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले लाख-दीड लाख पाठकोऱ्या कागदावर सोपवून मोकळा होतो. कचेरीतली ती सवय त्याने एकदा घरी आणली, तर पुढच्या दिवाळीनंतर निघणाऱ्या कामांत चांगल्या सुताराला पुरते दाम मिळेल आणि घरातील स्वयंपाक ठरल्या दिवशी पुन्हा ओट्यावर होईल.